केटलचं टेंपरेचर चढत नाही? बॉयलरवर आळ घ्यायच्या आधी हे बघा

एप्रिल संपत आला, कॅनिंगचा आंबा गेटवर यायला लागला की फोन सुरू होतात. युनिट लांज्याचं असो, पावसचं असो नाहीतर देवगडचं, पलीकडून वाक्य ठरलेलं, "अरे, वाफच येणा नाय, बॉयलर गेलो वाटता!" मी विचारतो केटलच्या, म्हणजे पल्प शिजवायच्या भांड्याच्या, गेजवर किती दिसतंय, तर म्हणतात अडीच किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला अडीच किलो प्रेशर). अरे अडीच किलो दिसतंय म्हणजे वाफ येतेच आहे की! जॅकेटात, म्हणजे केटलच्या दुहेरी भिंतीमधल्या पोकळीत, वाफ जातेय, पण तिचं पाणी झाल्यावर ते पाणी बाहेर पडत नाहीये, नाहीतर आत हवा कोंडलीय. बहुतेक वेळा भानगड इथेच निघते, आणि बॉयलरवाला मात्र उगाच घाट उतरून येतो, व्हिजिट चार्ज घेतो आणि "बॉयलर ओके" लिहून जातो.

हे लिहितोय ते छोट्या-मध्यम युनिटांसाठी, जिथे ३००-५०० लिटरच्या स्टीम जॅकेटवाल्या केटल आहेत, लाकडावर नाहीतर ब्रिकेटवर चालणारा बॉयलर आहे आणि मेंटेनन्सला एकच माणूस आहे, जो फिटर पण तोच, इलेक्ट्रिशियन पण तोच आणि पंप बसला तर प्लंबर पण तोच. मोठ्या ॲसेप्टिक लाईनचं गणित वेगळं, ते इथे नको. जॅम, कोकम सरबत, फणसाचा पल्प, काहीही शिजवत असाल तरी जॅकेट तेच, त्यामुळे दुखणंही तेच.

लक्षणं काय दिसतात

– बॅच सुरुवातीला झपाझप गरम होते आणि ६५-७० डिग्रीला जाऊन बसते, पुढे हलतच नाही. जी बॅच वीस-पंचवीस मिनिटांत ९० ला जायची तिला आता पाऊण तास लागतो.
– केटलच्या गेजवर प्रेशर मात्र नेहमीसारखं. हे सगळ्यात महत्त्वाचं लक्षण, आणि लोक नेमकं हेच फोनवर सांगत नाहीत.
– जॅकेट वरच्या बाजूला चटका बसेल असं, बुडाशी कोमट.
– वाफ सोडली की पहिली काही मिनिटं पाईपात धाड धाड ठोके.
– टेंपरेचर सरळ न चढता पायऱ्या-पायऱ्यांनी चढतं. थोडा वेळ थांबतं, मग एकदम चार डिग्री, परत थांबतं.
– हॉटवेलच्या टाकीतून (केटलमधून परत आलेलं गरम पाणी जिथे साठतं) वाफेचा लोट आणि बॉयलरला पाणी देणारा फीडपंप कुरकुरतोय.
– पल्पात तपकिरी कण, तळाला खरपुडी, आणि वरचा पल्प अजून गरम व्हायचाय.

यातलं एकही दिसलं तरी "चालतंय, चालू द्या" करू नका. आंब्याचा पल्प आंबट, पीएच ४.५ च्या खाली असतो, म्हणून तर आपल्याला रिटॉर्ट (प्रेशरखाली डबे शिजवायचं यंत्र) लागत नाही, उकळत्या पाण्यात डबे काढले की भागतं. पण डब्यात पल्प कडक गरम भरला तरच थंड झाल्यावर आत व्हॅक्यूम धरतो. अर्धवट गरम पल्प ८५० ग्रॅमच्या डब्यात भरून सील मारला की व्हॅक्यूम कमी, आणि मग गोडाऊनमधून फुगलेल्या डब्यांचे फोटो येतात. शिवाय पाऊण-पाऊण तास शिजलेल्या हापूसचा रंग काळपट होतो आणि वास मरतो, तो नंतर कशानेही परत येत नाही. त्यामुळे अडकलेली बॅच पुढे न्यायची की नाही हे क्यूसीला (क्वालिटी तपासणाऱ्याला) ठरवू द्या, मेंटेनन्सवाल्याने त्यात पडू नये.

हात लावायच्या आधी एकच गोष्ट. जिथे लाईन उघडायची आहे तिथे वाफेचा व्हॉल्व्ह बंद, चाकाला साखळी-कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. आतलं प्रेशर ड्रेनने सोडायचं, गेज शून्यावर आलं तरी पाईप हाताला सोसवेल इतका गार होईपर्यंत थांबायचं. सीझनमध्ये मालक डोक्यावर उभा असतो, "किती वेळ, किती वेळ" चालू असतं, त्याला सांगायचं शेठ, दहा मिनिटं. हात भाजला तर सगळा सीझन जातो.

आता क्रमाने. मी फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करतो, कारण निम्म्या वेळा पाना उचलायची गरजच पडत नाही.

थर्मामीटर खरं बोलतोय का

हसू नका. केटलवरचा डायल थर्मामीटर वर्षभर दमट हवेत लटकून असतो, आत पाणी शिरतं, काटा अडकतो. एका भांड्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घ्या, ढवळा, प्रोब बुडवा, शून्य दाखवायला हवं. मग खळखळ उकळणाऱ्या पाण्यात धरा, आपण समुद्रसपाटीला आहोत तेव्हा १०० च्या आसपास दिसलंच पाहिजे. क्यूसीकडे डिजिटल प्रोब असतो तोच घ्या, काचेचा पारा पल्पजवळ नेऊच नका. काटा कमी दाखवत असेल तर तुमची केटल ठीकच आहे, उगाच पल्प जास्त शिजवताय. जास्त दाखवत असेल तर प्रकरण गंभीर, कारण मग आधीच्या बॅचेसही कमी गरम झालेल्या असू शकतात, ते लगेच क्यूसीला सांगा.

बॅच आणि ढवळणी

विचारा की आज किती पल्प टाकला. मे महिन्यात आंब्याचा ढीग लागला की केटल काठोकाठ भरायची सवय लागते, आणि जॅकेट केटलच्या अर्ध्या-पाऊण उंचीपर्यंतच असतं. वरचा पल्प जॅकेटच्या बाहेर गेला की तो फक्त ढवळणीच्या भरवशावर तापतो. कोल्ड रूममधून काढलेला गार पल्प टाकला असेल तरी वेळ वाढणारच, तो फॉल्ट नव्हे.

मग एजिटेटर, म्हणजे मोटरवरची ढवळणी, बघा. फिरतोय, पण कुठल्या दिशेने? हे आपल्याकडे खास होतं. मेमध्ये वळवाचा पाऊस येतो, सोसाट्याच्या वाऱ्याने फांदी पडते, लाईन तुटते, जोडून देताना दोन फेज अदलाबदल होतात, आणि लाईट आल्यावर सगळ्या थ्री फेज मोटरी उलट्या फिरायला लागतात. पंप उलटा फिरला की पाणी येत नाही, म्हणून ते लगेच कळतं. एजिटेटर उलटा फिरला तर वरून सगळं छान दिसतं, पण बिजागरीवरचे स्क्रेपर भिंतीला टेकतच नाहीत, भिंतीवर पल्पाचा थर बसतो, जळतो आणि तोच थर उष्णता अडवतो. गिअरबॉक्सवर बाण असतो, नसेल तर आजच पेंटने काढा. उलटा फिरत असेल तर तिथे एकट्या मोटरच्या दोन वायरी बदलून बसू नका, मेन इनकमरला फेज सीक्वेन्स तपासा आणि शक्यतो फेज सीक्वेन्स रिले बसवून घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा हा खेळ नको. स्क्रेपरचं टेफ्लॉन झिजलं असेल तरी परिणाम तोच.

गेज दोन ठिकाणी, एकाच वेळी

एक माणूस हेडरच्या (बॉयलरची वाफ सगळीकडे वाटणाऱ्या मुख्य पाईपाच्या) गेजजवळ, एक केटलजवळ, बॅच चालू असताना. हेडरला पाच आणि केटलला अडीच ठरलेलं असेल, आणि दोन्ही तसंच दिसत असेल, तर वाफेचा पुरवठा ठीक आहे, सरळ पुढच्या तपासणीला जा. हेडरच कोसळत असेल तर बघा की त्याच वेळी डबे उकळायच्या टाकीत कोणी वाफ सोडलीय का, प्री-हीटर चालू झालाय का. बॉयलर सगळ्यांना एकदम पुरत नसेल तर बॅचेस पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढेमागे लावा, खर्च शून्य. हेडर ठीक आणि केटलचं प्रेशर पडतंय, तर मधल्या रस्त्यात अडथळा आहे, व्हॉल्व्ह किंवा स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी). गेट व्हॉल्व्हचं एक लक्षात ठेवा, चाक फिरतं, दांडा वर येतो, पण आतली वेज (रस्ता बंद करणारी पाचर) दांड्यातून निसटून खालीच बसलेली असते. बाहेरून पूर्ण उघडा दिसतो, आत अर्धा बंद.

वाफेचं प्रेशर आणि टेंपरेचर यांचं लग्न लागलेलं आहे. गेजवर १ किलो म्हणजे साधारण १२० डिग्री, २ किलो म्हणजे १३३, ३ किलो म्हणजे १४३. पण हे फक्त शुद्ध वाफेला लागू. म्हणूनच पुढची तपासणी.

हवा

जॅकेटात रात्रभर हवा भरलेली असते. सकाळी वाफ सोडली की ती हवा कोपऱ्यात ढकलली जाते आणि तिथेच बसते. गेज मात्र वाफ आणि हवा दोघांचं मिळून प्रेशर दाखवतं. समजा ३ किलो दिसतंय पण आत पाचवा हिस्सा हवा आहे, तर टेंपरेचर १४३ नाही, १३६ च्या आसपासच राहतं. वर हवेचा पातळ थर भिंतीला चिकटून उष्णता अडवतो ते वेगळंच, आणि त्याचा तोटा या सात डिग्रीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

जॅकेटवर वाफ जिथून येते त्याच्या समोरच्या बाजूला व्हेंट कॉक असायला हवा. बॅचच्या सुरुवातीला तो थोडा उघडा ठेवा, आधी फुस-फुस, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सलग वाफ. सलग वाफ आली की बंद. एवढ्यानेच बॅच ताळ्यावर आली तर तुमचं काम झालं, आणि रोज हाताने करायचा कंटाळा असेल तर थर्मोस्टॅटिक एअर व्हेंट बसवा, तो स्वतःच उघडतो-मिटतो. काही केटलना हा कॉकच नसतो, बनवणाऱ्याने पैसे वाचवलेले असतात, किंवा कोणीतरी "गळतोय" म्हणून प्लग मारून टाकलेला असतो. प्लग शोधा.

बायपासची चाचणी

सगळ्यात कामाची चाचणी हीच, आणि तिला दोन मिनिटं लागतात. ट्रॅपला (जॅकेटाखाली पाणी सोडून वाफ अडवणाऱ्या पार्टला) वळसा घालणारा बायपास व्हॉल्व्ह असेल तर बॅच अडकलेली असताना तो हळूच, पाव फेरा उघडा. टेंपरेचर चढायला लागलं, जॅकेटचं बूड गरम झालं, तर निकाल लागला, पाणी तुंबलेलं आहे, दोष ट्रॅपचा किंवा त्याच्या पुढच्या लाईनचा. काहीच फरक पडला नाही तर दोष बहुतेक अलीकडे, वाफेच्या बाजूला.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. १ किलो वाफेचं पाणी होताना ती साधारण २,१६० किलोज्यूल उष्णता देऊन जाते. तेच झालेलं पाणी जॅकेटात बसून १३३ वरून १०० पर्यंत गार झालं तर देतं फक्त १४० च्या आसपास. म्हणजे जॅकेटचा जेवढा भाग पाण्याखाली, तेवढा जवळपास फुकट. आणि पाणी थोडंथोडकं नसतं. ३०० किलो पल्प ३० वरून ९० डिग्रीला न्यायचा तर हिशोबाने ३० किलोच्या वर वाफ लागते, म्हणजे तेवढंच पाणी एका बॅचमध्ये त्या छोट्याशा ट्रॅपमधून बाहेर पडायला हवं. अर्ध्या तासात ३० लिटर. ट्रॅप जरा जरी खोकला तरी जॅकेट भरतं.

बायपास उघडून काम झालं म्हणून तसाच उघडा ठेवून सीझन काढणारे महाभाग आहेत. करू नका. जिवंत वाफ सरळ रिटर्न लाईनमध्ये (झालेलं पाणी हॉटवेलकडे परत नेणाऱ्या पाईपात) जाते, तिथलं प्रेशर वाढतं आणि शेजारच्या केटलचे ट्रॅप पाणी टाकेनासे होतात. मग एक केटल बरी आणि तीन आजारी. लाकडाचं बिल वाढतं ते वेगळं.

स्ट्रेनर

बायपासने फरक पडला नसेल तर वाफेच्या लाईनचा स्ट्रेनर उघडा. फरक पडला असेल तर ट्रॅपच्या आधीचा छोटा स्ट्रेनर उघडा. दोन्ही वेळेला जाळीत गंजाचे पापुद्रे, वेल्डिंगचे मणी, गास्केटचे तुकडे निघतील. आपल्याकडे प्लांट जूनमध्ये बंद होतो तो मार्चमध्ये उघडतो, मधले सगळे महिने लोखंडी पाईपात खारी दमट हवा. पहिल्या आठवड्यात वाफ सुटली की तो सगळा गंज सुटून जाळीत येतो. म्हणून मी सीझन सुरू झाल्यावर आठवड्याभरात सगळे स्ट्रेनर एकदा काढतोच, तक्रार असो नसो.

जाळी फाटलेली असेल तर नवीन टाका, जाळीशिवाय टोपी लावून "नंतर बघू" म्हणू नका, पुढचा घास ट्रॅप खातो. आडव्या स्टीम लाईनवर स्ट्रेनरचं पोट खाली नको, बाजूला आडवं हवं, नाहीतर त्या पोटात पाणी साचतं आणि ठोक्यांना तिथूनच सुरुवात होते. टोपीचं गास्केट दर वेळी नवीन. आणि काम झाल्यावर पाने, बोल्ट, जुनं गास्केट मोजून बाहेर, हा फूड प्लांट आहे, एक वॉशर पल्पात गेला तर सगळी बॅच फेकावी लागते.

ट्रॅप

ट्रॅपचं काम सोपं, पाणी आणि हवा सोडायची, वाफ अडवायची. बिघडतो दोन प्रकारे. एकतर बंद राहून बसतो, मग पाणी तुंबतं. नाहीतर उघडा राहून बसतो, मग वाफ वाहून जाते, केटल तापते पण हॉटवेलमधून लोट निघतात, फीडपंपाला उकळतं पाणी मिळतं आणि तो पाणी उचलेनासा होतो.

गार ट्रॅप म्हणजे बंद किंवा चोक, इतकं हात जवळ नेऊन कळतं, हात लावू नका. टेंपरेचर गनने बघायचं तर चकचकीत स्टीलवर ती खोटं बोलते, फार कमी दाखवते, तिथे काळी टेप चिकटवून टेपवर नेम धरा. उघड्या राहिलेल्या ट्रॅपला मात्र गन उपयोगाची नाही, कारण ट्रॅपनंतर गरम पाणी असो की वाफ, आकडा जवळपास सारखाच येतो. तिथे कान वापरायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर, मूठ कानाच्या हाडाला. टीडी ट्रॅप, म्हणजे आत चकती उडणारा, टक... टक... असा थांबून थांबून वाजला तर ठीक. सतत कुलकुल वाजत असेल तर चकती झिजलीय. सलग शूऽऽ येत असेल तर वाफ पळतेय. चकतीवर किंवा सीटवर गंजाचा कण अडकला असेल तर साफ करून, सपाट काचेवर बारीक लॅपिंग पेस्टने घासून पुन्हा बसवता येतो. खोल चरा पडला असेल तर वेळ घालवू नका, बदला.

आता माझं स्पष्ट मत. केटलला टीडी ट्रॅप लावायचाच नाही. स्टीम लाईनच्या ड्रिपला (लाईनमधलं पाणी काढायच्या जागेला) तो उत्तम, स्वस्त, दणकट. पण केटलला सुरुवातीला एकदम भरपूर पाणी आणि हवा टाकायची असते आणि तिथे टीडी हवेने अडकून बसतो. केटलला बॉल फ्लोट ट्रॅप, आत थर्मोस्टॅटिक एअर व्हेंट असलेला. महाग पडतो, मालक कुरकुरतो, पण एका वाया गेलेल्या बॅचपुढे ती किंमत काहीच नाही. घेताना पाईपाचा साईझ सांगून घेऊ नका, तासाला किती किलो पाणी आणि किती प्रेशरला ते सांगा. बसवताना बाण बघा आणि फ्लोट वरखाली हलेल असाच बसवा, आडवा बसवलेला फ्लोट ट्रॅप मी पाहिलाय आणि त्याला "कंपनीचा फॉल्ट" म्हणणाराही पाहिलाय. आणि हे पार्ट फेब्रुवारीतच घेऊन ठेवा. मेमध्ये लागला तर कोल्हापूरहून आंबा घाट उतरून येईपर्यंत गेटवरचा आंबा पिकून गळायला लागतो.

चार केटलना मिळून एकच ट्रॅप असेल तर तो प्रकार आधी बंद करा. ज्या केटलमध्ये प्रेशर जास्त ती बाकीच्यांचं पाणी अडवते. एका केटलला एक ट्रॅप.

टिल्टिंग केटलचा वेगळा आजार

ओतायला वाकवता येणारी केटल असेल आणि टेंपरेचर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत असेल तर ट्रॅप चांगला असूनही हे होतं. या केटलमध्ये वाफ एका बाजूच्या खुंट्यातून आत येते आणि पाणी बुडातून एका बारीक नळीने वर चढून दुसऱ्या बाजूच्या खुंट्यातून बाहेर जातं. ती नळी जॅकेटातल्या वाफेनेच वेढलेली. नळीत वाफेचा फुगा अडकला की तो गार होत नाही, ट्रॅपला वाटतं वाफ आली, तो मिटतो, आणि खाली पाणी वाट बघत बसतं. काही वेळाने फुगा विरतो, ट्रॅप उघडतो, भस्सकन पाणी जातं, टेंपरेचर चार डिग्री उडी मारतं, परत तेच. याला स्टीम लॉक म्हणतात. तात्पुरता इलाज बायपास अगदी केसभर उघडा ठेवणं, आणि कायमचा इलाज म्हणजे स्टीम लॉक रिलीज असलेला फ्लोट ट्रॅप, त्यात एक सुईव्हॉल्व्ह असतो जो अडकलेली वाफ थोडी थोडी जाऊ देतो. ट्रॅप दोनदा-तीनदा बदलूनही आजार तसाच असेल तर हेच कारण बहुतेक.

रिटर्न लाईन

ट्रॅप चांगला, तरी पाणी तुंबतंय, तर पुढे बघा. रिटर्न पाईप छतावरून नेलाय का? पाणी १ मीटर वर चढवायला साधारण ०.१ किलो प्रेशर लागतं. चार-पाच मीटर चढाव असेल तर अर्धा किलो तिथेच गेला. बॅच गरम व्हायला आली, वाफेचा व्हॉल्व्ह बारीक केला, जॅकेटातलं प्रेशर पडलं की पाण्याला ढकलायला कोणी उरत नाही. चाचणी अशी, व्हॉल्व्ह बंद करून, गार झाल्यावर ट्रॅपच्या पुढचं युनियन (पाईपाचा उघडता येणारा जोड) सोडा, लोखंडी पाईपाचा तुकडा नीट आवळून तोंड निम्मं गार पाणी असलेल्या ड्रममध्ये ठेवा, प्लास्टिकची नळी नको, आणि ड्रमपासून लांब उभे रहा. आता बॅच घ्या. नीट तापली तर दोषी रिटर्न लाईन. ड्रममधलं वाढलेलं पाणी मोजलंत तर ट्रॅप किती टाकतोय तेही कळेल, वरचा ३० किलोचा हिशोब आहेच. बॅच संपून वाफ बंद करायच्या आधी पाईपाचं तोंड पाण्यातून वर काढा, नाहीतर जॅकेट गार होताना ड्रममधलं पाणी आत ओढलं जाईल.

यावरूनच दुसरी गोष्ट. सकाळी पहिल्या बॅचला ठोके बसतात कारण रात्री जॅकेट गार झालं, आत व्हॅक्यूम झाला आणि पाणी आतच अडकून राहिलं. त्याला व्हॅक्यूम ब्रेकर लागतो, व्हॅक्यूम झाला की हवा आत घेणारा छोटासा पार्ट आहे. तो येईपर्यंत सकाळी आधी बायपास उघडून पाणी काढा आणि वाफेचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा.

ओली वाफ, खवले वगैरे

इथपर्यंत काही सापडलं नाही तर वाफच ओली आहे का बघा. पाईपाच्या ग्लासवूलवरचा पत्रा उडालाय आणि वळवाचा पाऊस त्यात मुरलाय, तर वाफ केटलपर्यंत येता येता अर्धी पाणी होते. झाकून घ्या. लाईनवर ड्रिप पॉकेट आणि त्याचा ट्रॅप चालू आहे का तेही बघा. किनाऱ्यालगतच्या, खाडीजवळच्या विहिरी मेमध्ये मचूळ होतात, तेच पाणी बॉयलरला गेलं की टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढतो, फेस येतो आणि वाफेबरोबर पाणी उडून येतं. बॉयलर अटेंडंटला टीडीएस मोजायला आणि ब्लोडाऊन करायला (बॉयलरमधलं क्षाराचं पाणी थोडं काढून टाकायला) सांगा, स्वतः जाऊन व्हॉल्व्ह फिरवू नका. प्रेशर कमी करणारा पीआरव्ही आतून फाटला असेल तर त्याचा डायफ्राम किट मिळतो, अनुभव असेल तर बदला. जॅकेटच्या आत खवले धरले असतील तर ॲसिड क्लिनिंग लागतं, ते सीझननंतर, माहितगाराकडून.

कुठे थांबायचं

पुढच्या ठिकाणी पाना खाली ठेवा आणि फोन उचला.

केटलच्या आतल्या भिंतीला फुगवटा किंवा खड्डा दिसला, की ती केटल बंद. पल्पात थेट वाफ न सोडता पल्प पातळ होतोय, ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं माप) घसरतोय, म्हणजे जॅकेटला चीर आहे आणि पाणी पल्पात येतंय, केटल बंद आणि क्यूसीला कळवा. या दोन्हींवर बाजारातल्या गेट-ग्रिलवाल्या वेल्डरला बोलावू नका. जॅकेट हे प्रेशरचं भांडं आहे, त्यावर वेल्डिंग करणारा प्रमाणित हवा आणि नंतर पाण्याने प्रेशर टेस्ट झालीच पाहिजे.

जॅकेटचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतोय, तर त्याचा स्क्रू आवळायचा नाही, त्याला वजन बांधायचं नाही, "थोडं प्रेशर वाढवलं तर लवकर तापेल" म्हणून पीआरव्हीही पिळायचा नाही. केटलच्या प्लेटवर जेवढं प्रेशर लिहिलंय तेवढंच. व्हॉल्व्ह का उडतोय ते बघायला माणूस बोलवा.

ठोके सगळं करूनही थांबत नाहीत, पाईप सपोर्टवरून हलतोय, फ्लँजमधून वाफ फुटतेय, तर लाईनची रचनाच चुकलीय, उतार नाहीतर ड्रिप. ते स्टीमच्या डिझाईनवाल्याचं काम.

आणि बॉयलर. त्याची पाणीपातळी, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह, त्याच्या ट्यूब, यातलं काहीही आपलं नाही. बॉयलरला वेगळा कायदा आहे, तो चालवायला सर्टिफिकेटवाला अटेंडंट लागतो, आणि प्रेशरच्या भागांची दुरुस्ती बाष्पके संचालनालयाला कळवल्याशिवाय होत नाही. गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नसेल तर वर पाणी सोडायचं नाही, आग काढायची, लांब व्हायचं आणि अटेंडंटच्या सांगण्याप्रमाणे चालायचं.

फोन करताना एवढं तयार ठेवा, म्हणजे समोरचा माणूस योग्य पार्ट घेऊनच निघेल: हेडरचं प्रेशर आणि केटलचं प्रेशर बॅच चालू असताना, किती किलो पल्प किती मिनिटांत किती डिग्रीपर्यंत जातो, बायपास उघडल्यावर फरक पडला की नाही, ट्रॅपचा प्रकार, साईझ आणि त्याच्या प्लेटचा फोटो, आणि केटल साधी की टिल्टिंग.